जिल्ह्याबाहेर

ताई, त्या मे महिन्यात मी भंडाऱ्याहून निघाले तेव्हा तू फाटकापर्यंत आली नाहीस. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मैत्रूने पाण्याची बाटली गळ्यात अडकवली होती आणि बाबा ओसरीतल्या खाटेवर कुशीला वळून आमच्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात उचलत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने माझी ओढणी धरली. "थांबून जाय ना नंदा दोन दिवस," ते म्हणाले. "लेकरू आत्ता कुठं मले ओळखाले लागलं." मी वाकून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, रिलीज आहे. रजा नाही मिळत." ओढणी सोडवताना मला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. तू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होतीस. तशीच आत निघून गेलीस.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, की ते दोन दिवस तू का थांबली नाहीस. उत्तर आपल्याला माहीत आहे असं तुला वाटतं. नोकरी. पुण्याची, एसीतली, गळ्यात ओळखपत्र अडकवायची नोकरी. ताई, त्या आठवड्यात कसलंही रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटच्या हाती द्यायचं काम, नव्हतं. माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक होती आणि मॅनेजरने स्वतःहून फोन करून "वडिलांजवळ राहा, इकडची काळजी नको" असं सांगितलं होतं. मी खोटं बोलले, तेही मरणाच्या दारातल्या बापाशी. घाबरले होते म्हणून बोलले. कशाला घाबरले होते, ते आज लिहिते.

पुण्याला आले तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नव्हती. आपल्या वस्तीतून कॉम्प्युटरच्या नोकरीवर जाणारी मी पहिली. तेव्हा हिंजवडीच्या बसमध्ये बसायला जागा मिळायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता आणि कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर उभं राहून आम्ही मुली फोटो काढून घरी पाठवायचो. तू तो फोटो शोकेसमध्ये लावला होतास. सलील मला तिथेच भेटला. कोथरूडचा, हुशार, तिरकस बोलणारा. रजिस्टर लग्न केलं. त्याच्या आईने तुला "आपण चहा घेणार का?" असं विचारलं, आणि हा आग्रह आहे की नकार, यावर तू संध्याकाळपर्यंत डोकं खाजवत होतीस. आपण दोघी किती हसलो होतो. त्या बाईंनी पुढे मला कधी वाईट वागवलं नाही, चहाही विचारूनच दिला.

आमचं का मोडलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. त्याने मला मारलं नाही, मी त्याला फसवलं नाही. तो अमेरिकेच्या वेळेवर जगायचा, मी इंग्लंडच्या. घरात असलो की मैत्रूला कोणी आणायचं, कोणी सोडायचं, एवढंच बोलायचो, मग तेही चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावायला लागलो. मैत्रू चार वर्षांची असताना मी तिला घेऊन बिबवेवाडीला आले, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. भंडाऱ्याहून पुण्याला येताना मी रडले नव्हते. कोथरूडहून बिबवेवाडीला येताना टेंपोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, हमसून हमसून रडले. मैत्रू मांडीवर झोपली होती आणि तो भला माणूस सिग्नलला गाणं बंद करून थांबत होता.

भीती तिथून सुरू झाली. ऑफिसात माझ्या शेजारी एक बाई बसायची. तिच्या नवऱ्याने मुलाला पंधरा दिवसांसाठी म्हणून अमेरिकेला नेलं आणि परत पाठवलंच नाही. तिथल्या कोर्टात, इथल्या कोर्टात, दोन्हीकडे तारखा चालू होत्या. ती दुपारी डबा खाता खाता वेबकॅमवरचे त्याचे फोटो मला दाखवायची. "बघ, दात पडलाय," म्हणायची. माझा घास तोंडात फिरत राहायचा. सलीलला त्या दिवसांत ऑनसाइटची, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे राहून काम करायची, ऑफर आली होती. आम्ही तिघांनी जायचं ठरलं होतं तेव्हा मैत्रूचा पासपोर्ट काढला होता, त्याच्या अर्जावर मीच हौसेने सही केली होती, आणि तो पासपोर्ट कोथरूडच्या कपाटात होता.

घटस्फोट संमतीने झाला. भांडण नव्हतंच, नुसत्या अटी लिहायच्या होत्या. मैत्रूचा ताबा माझ्याकडे. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ ती वडिलांकडे. सुट्टी अर्धी-अर्धी. आमच्या वकीलबाई शांत होत्या, कागदाला टाचणी लावतानासुद्धा घाई करायच्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, "तिला न्यायचं नाही, असं लिहा." त्या म्हणाल्या, "लिहू या. परवानगीशिवाय देशाबाहेर नेणार नाही. पासपोर्टही तुमच्याकडे मागून घेऊ." मला ते पुरेना. मी म्हटलं, "देशाबाहेर नको, जिल्ह्याबाहेर लिहा. मुंबईला नेलं की विमानतळ आलाच. मला कळेपर्यंत विमान उडालेलं असेल. पासपोर्ट काय, हरवला म्हणून नवा काढता येतो."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मॅडम, ही अट दोघांना लागेल. तुम्हालाही."

"लागू दे की," मी म्हटलं. "मी कुठे जाणार आहे?"

हे मी म्हटलं, ताई. भंडारा कुठल्या जिल्ह्यात आहे, ते मला त्या क्षणी आठवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त विमान होतं. सलीलने अट वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, "बराच मोठा जिल्हा आहे, पुरेल," असं म्हणाला आणि सही केली. मीही केली. "उभयतांपैकी कोणीही अज्ञान मुलीस दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय वा न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुणे जिल्ह्याबाहेर नेणार नाही." अज्ञान म्हणजे मैत्रू, कारण कायद्यात अठरा वर्षांखालचं मूल अज्ञान असतं. अट मोडली तर ताब्याचा फेरविचार होऊ शकतो, हे खाली वेगळं लिहिलं होतं. कोर्टातून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी रसवंतीवर उभी राहून दोन ग्लास रस प्याले.

पंधरा दिवसांतच कळलं की मी कुंपण घातलं होतं आणि त्यात स्वतःच उभी होते. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मुलांना घेऊन सहलीला निघालो होतो, कात्रजचा घाट ओलांडून पुढे. गाडीत मुलांचा गोंधळ चालला होता. नीरेचा पूल दिसला आणि मला अट आठवली. पलीकडे सातारा जिल्हा. "गाडी थांबव," मी ओरडले. मैत्रिणीला वाटलं पोरीला उलटी होतेय. मी मैत्रूला घेऊन पुलाच्या अलीकडे उतरले, कारण सांगायची लाज वाटली म्हणून "पोटात दुखतंय" म्हटलं, आणि मिळेल त्या बसने परत आलो. "आई, तुझ्या पोटात दुखतंय की माझ्या?" मैत्रूने बसमध्ये विचारलं. त्यानंतर आमच्या सगळ्या सहली कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात झाल्या. तिथला प्रत्येक साप आम्हाला तोंडपाठ होता.

तू म्हणशील, एक कागद त्याच्याकडून लिहून घ्यायला काय धाड भरली होती? काही नाही. पण वकीलबाईंनी "सगळं लेखी ठेवा" असं एकदा सांगितलं होतं आणि मी ते फारच मनावर घेतलं. सलील शनिवारी वीस मिनिटं उशिरा आला की मी वहीत लिहायचे. तोही लिहीत असेल, असं मला वाटायचं. मी संमती मागितली की उद्या तो तोच कागद काढून म्हणेल, ही मुलीला बाहेर न्यायला बघते, हिचा कल गावाकडे आहे. मग ताबा जाईल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच रोज स्वतःला सांगायचे. आणि तू फोनवर विचारायचीस, "मैत्रूले काऊन नाही आणत? बाबा रोज नाव काढते." मी म्हणायचे, शाळा आहे. परीक्षा आहे. गोवर आलाय. तीन वर्षं मी कारणं पुरवली. आई गेल्यावर तू आणि भाऊजी बाबांजवळ राहिलात आणि मी इथून कारणं पाठवत राहिले.

मग एप्रिलच्या शेवटी तुझा फोन आला की बाबांना झटका आलाय, जेवत नाहीत, पोरीला घेऊन ये. वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाला सुट्टी लागतेय. त्यांची लेखी संमती घ्या, सगळ्यात सोपं." ते सोपं काम करायला मला चार दिवस लागले. ऑफिसात बसून मी सलीलला इंग्रजीत ईमेल लिहिली, क्लायंटला लिहितात तशी, रिस्पेक्टेड वगैरे. अर्ध्या तासात उत्तर आलं: ओके, तारखा आणि तिकिटं पाठव. झालं. मी सहा दिवसांचं जाणं-येणं लिहून पाठवलं आणि त्या उत्तराच्या तीन प्रती काढल्या. एक पर्समध्ये, एक बॅगेत, एक मैत्रूच्या दप्तरात. दौंड मागे पडलं, पुणे जिल्हा संपला, तेव्हा ती खिडकीत बसून केळं खात होती आणि मी डब्यात येणाऱ्या प्रत्येक खाकी कपड्याकडे बघत होते.

ते सहा दिवस तुला माहीतच आहेत. बाबा तिला डाव्या हाताने पाटीवर अक्षरं काढून दाखवायचे आणि ती म्हणायची, "आजोबा, तुमचा क पडलाय." रोज संध्याकाळी सातला सलीलचा फोन यायचा. "मैत्रूला दे." एवढंच. तो हजेरी घेतोय, असं मी धरून चालले. शेवटच्या सकाळी बाबा पहिल्यांदा "दोन दिवस" म्हणाले तेव्हा मी मागच्या अंगणात गेले होते, आठवतं? हातात फोन होता. तुला वाटलं साहेबाशी बोलतेय. मी सलीलला मेसेज लिहीत होते. "बाबांची तब्येत बरी नाही. दोन दिवस वाढवू का?" लिहिला, वाचला, खोडला. पुन्हा लिहिला. दिलेल्या तारखेला परतली नाही, हे कागदावर कसं दिसेल, ते मी बघत होते. तो नाही म्हणाला आणि मी थांबले तर काय होईल, तेही दिसत होतं: शनिवार-रविवारची आई. मी दुसऱ्यांदाही खोडला, आत आले आणि रिक्षा आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा "रिलीज आहे" म्हणाले.

बाबा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. गाडीला दोन तास होते. पुन्हा संमती, पुन्हा तारखा, तेवढं बळच माझ्यात नव्हतं. मैत्रूला घेऊन मी तीन वर्षांत पहिल्यांदा कोथरूडचा जिना चढले. सलीलने दार उघडलं. मी म्हटलं, "बाबा गेले. पाच दिवस हिला ठेव." तो माझ्याकडे बघतच राहिला. "ठेवून जातेस?" म्हणाला. मी हो म्हटलं. ज्याच्या भीतीने मी ती अट लिहून घेतली होती, त्याच्याच हातात मी तिचं दप्तर दिलं. त्याने तुम्हा सगळ्यांची विचारपूस केली, मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

तुमच्याकडे मी देहाने होते. भंतेजी त्रिशरण देत होते आणि मी ओठ हलवत मनात मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या फ्लाइटच्या वेळा मोजत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पत्रावळी उचलताना तू मला विचारलंस, "आता रिलीज नाही काय?" मोठ्याने नाही, रागानेही नाही. मी पत्रावळी घेऊन बाहेर गेले. ते वाक्य मी कमावलं होतं.

पुण्याला उतरले ती बॅग घेऊन थेट कोथरूडला. दाराला कुलूप. मी फोन लावला, तर घंटी दाराच्या आतून वाजली. पुन्हा लावला, पुन्हा आतून. माणूस घाईघाईत निघाला की फोन विसरतो, किंवा नंबर टाकूनच द्यायचा असेल तर मुद्दाम ठेवून जातो. मी जिन्यात बसले. समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून "आपण कोणाकडे?" असं विचारलं, तर मी कुलपाकडे बोट दाखवलं. पोलिसात जायचं की वकीलबाईंकडे, विमानतळ कुठला, मुंबईचा की इथलाच, असं सगळं डोक्यात चाललं होतं आणि मी बॅगेचा पट्टा नुसता पिळत होते. अर्धा तास गेला असेल, किंवा दहाच मिनिटं.

खालून मैत्रूचा आवाज आला. ती जिन्याच्या पायऱ्या मोजत येत होती. केस कानाच्या वर कापलेले. "आई, तू रडून आलीस का?" तिने विचारलं.

"केस कापायला गेलो होतो," सलील म्हणाला. "फोन चार्जिंगला राहिला." मग माझा चेहरा बघून त्याने मैत्रूला किल्ली देऊन आत पाठवलं आणि स्वतः दोन पायऱ्या खाली बसला. "तुला वाटलं मी पळालो."

मी नाही म्हटलं नाही. आणि मग जे तुला सांगायला हवं होतं ते मी त्याला सांगितलं, की बाबांनी दोन दिवस मागितले होते आणि मी दिले नाहीत, कारण त्याला विचारावं लागलं असतं. तो चपलेच्या बक्कलाशी खेळत बसला.

"तू तिकडे होतीस तेव्हा मी रोज तुमच्या परतीच्या गाडीची वेळ बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू येणार नाहीस. तिला तिकडेच शाळेत घालशील. सातला फोन करायचो तो त्यासाठी. मागे गाडीचा, प्लॅटफॉर्मचा आवाज येतोय का, दुसऱ्या कुठल्या गावाला निघालात का, ऐकत बसायचो."

"मी विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

"आता हो म्हणणं सोपं आहे," तो म्हणाला. "तेव्हा काय म्हटलं असतं, खरंच माहीत नाही. घाबरलो असतो एवढं नक्की. पण विचारायला हवं होतंस, नंदा."

त्याने ऑनसाइट केव्हाच नाकारलं होतं, हे मला त्या जिन्यात कळलं. ते त्याने फुशारकीने सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत.

पुढे आम्ही दोघांनी मिळून कोर्टात अर्ज केला आणि "जिल्ह्याबाहेर" काढून "देशाबाहेर" घातलं. न्यायाधीशबाईंनी एक प्रश्न विचारला, दोघांनी हो म्हटलं, दहा मिनिटांत बाहेर. बाबा पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहून द्यायचे. कोणी लाजत आलं की म्हणायचे, "अर्ज कराले कायची लाज? आपल्याले मांगता येते, हेच किती मोठं हाय." त्या दहा मिनिटांनंतर मी कोर्टाच्या आवारात उभी राहून खूप रडले. सलील दूर उभा होता, जवळ आला नाही, गेलाही नाही.

नंतर आम्ही भंडाऱ्याला येत राहिलो, दिवाळीला दोन दिवस, लग्नाकार्याला एखादा. तू वाढलंस, गाद्या घातल्यास, पण बोलायचीस ती कामापुरतं. मी तेव्हाच का सांगितलं नाही? सलीलला दोष देता आला असता तर केव्हाच सांगितलं असतं. पण अट माझी होती. ते तुझ्यासमोर कबूल करण्यापेक्षा नोकरीवर ढकलणं सोपं होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून आलेले आमच्या ऑफिसात पुष्कळ आहेत. घरून फोन आला की सगळे "रिलीज आहे" म्हणतात आणि घरचे समजून घेतात, कारण या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नसतो. त्यातल्या कितीजणांचं खरंच रिलीज असतं, मी आता विचारत नाही.

मैत्रू गेल्या महिन्यात अठराची झाली. वकीलबाईंना सहज फोन केला तर म्हणाल्या, "संपलं सगळं. आता ती तिच्या मर्जीची." ती शिकायला जर्मनीला निघाली आहे, तिकीट सलीलने आणि मी मिळून काढलं. बिबवेवाडीच्या या घरात मी चौदा वर्षं राहिले, स्वयंपाकघरातला कुठला डबा कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन, तरी दिवाळीत ऑफिसात कोणी विचारलं तर "घरी जातेय" असं मी भंडाऱ्यालाच म्हणते. तिथे माझं काही उरलंय की नाही, याची आता मला भीती वाटते. मैत्रूला कोणी नेईल ही जुनी भीती गेली, ही राहिली आहे, आणि हिच्यासाठी कुठल्या कोर्टात जायचं ते मला माहीत नाही.

ती जायच्या आधी मला तिला घेऊन तुझ्याकडे यायचंय. ज्या दोन दिवसांसाठी मी बाबांशी खोटं बोलले, ते परत देता येणार नाहीत. हे पत्र वाचून तुला राग येईल, तो येऊ दे. तारीख तू सांग, किती दिवस राहायचं तेही तूच सांग. नको म्हणालीस तर तसं सरळ लिही, मी वाईट वाटून घेईन पण ऐकेन.

ताई, येऊ का?